झेब्राफिशमध्ये मॉर्फोलिनो वापरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झेब्राफिशच्या लॅबमध्ये नव्याने आलेले एमएस्सी आणि पीएचडीचे विद्यार्थी मॉर्फोलिनोबद्दल, म्हणजे एखादं जनुक तात्पुरतं दाबणाऱ्या (नॉकडाउन करणाऱ्या) कृत्रिम रेणूबद्दल, जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रोटोकॉल कुठेही मिळतो. पण एखादी पायरी का करायची आणि ती गाळली तर निष्कर्षाचं काय होतं, हे प्रोटोकॉलमध्ये क्वचितच लिहिलेलं असतं. म्हणून भर त्यावर आहे.

नॉकडाउन म्हणजे नेमकं काय? नॉकआउटपेक्षा ते वेगळं कसं?

नॉकआउटमध्ये डीएनएमध्येच बदल होतो. तो कायमचा असतो आणि पुढच्या पिढीत जातो. नॉकडाउनमध्ये डीएनएला हात लागत नाही. जनुकातून निघालेला एमआरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्याचा निरोप नेणारा रेणू, अडवला जातो किंवा नष्ट केला जातो, त्यामुळे प्रथिनाचं प्रमाण घटतं, तेही काही काळापुरतं. "घटतं" हा शब्द महत्त्वाचा आहे. किती घटलं हे प्रत्येक प्रयोगात मोजून दाखवावं लागतं.

यासाठी झेब्राफिशच का?

भ्रूण आईच्या शरीराबाहेर वाढतो आणि पारदर्शक असतो. 28.5 अंश सेल्सिअसला ठेवला तर साधारण 24 तासांत त्याचं हृदय धडधडायला लागतं. एक मादी एका सकाळी शंभर-दोनशे अंडी सहज घालते. हा मासा मूळचा आपल्याच भागातला आहे. गंगेच्या खोऱ्यातल्या माशांचं वर्णन करताना फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 साली त्याची नोंद केली. त्याला जनुकशास्त्रात आणलं ते अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाच्या जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी, आणि त्यांचा गाजलेला शोधनिबंध 1981 चा. 2013 साली झेब्राफिशचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसाच्या सुमारे 70 टक्के जनुकांना या माशात किमान एक जोडीदार जनुक असल्याचं दिसलं. मुंबईची टीआयएफआर, पुण्याची आघारकर संशोधन संस्था, हैदराबादची सीसीएमबी, दिल्लीची आयजीआयबी अशा ठिकाणी या माशावर काम चालतं. त्यामुळे मराठी विद्यार्थ्यांना हे तंत्र शिकायला परदेशी जावं लागत नाही.

मॉर्फोलिनो म्हणजे काय?

साधारण 25 बेसचा कृत्रिम रेणू. डीएनएमध्ये जिथे साखर असते तिथे याच्यात मॉर्फोलिन नावाचं सहा अणूंचं वलय असतं, आणि फॉस्फेटच्या जागी विद्युतभार नसलेला दुवा. या दोन बदलांमुळे पेशीतली विकरं त्याला तोडू शकत नाहीत, आणि भार नसल्याने तो प्रथिनांना फारसा चिकटत नाही. बेस मात्र नेहमीचेच असल्यामुळे ठरलेल्या आरएनएवर तो बरोबर जाऊन बसतो.

तो आरएनए कापत नाही, फक्त वाट अडवतो. पुढचे बरेचसे गोंधळ ही एक गोष्ट विसरल्यामुळे होतात. ट्रान्सलेशन (एमआरएनएवरून प्रथिन बनणं) थांबवणारा मॉर्फोलिनो वापरून क्यूपीसीआर (एमआरएनएचं प्रमाण मोजणारी चाचणी) केली आणि एमआरएनए तेवढाच दिसला, तर प्रयोग फसला असा अर्थ होत नाही. तो एमआरएनए तिथे असणारच.

हा रेणू जेम्स समरटन यांनी शोधला. झेब्राफिशमध्ये त्याचा उपयोग मिनेसोटा विद्यापीठातल्या नासेविशियस आणि एकर यांनी 2000 साली नेचर जेनेटिक्समध्ये दाखवला. कॉर्डिन, नो टेल, वन-आइड पिनहेड अशा आधीच माहीत असलेल्या म्युटंटची (डीएनएमध्येच जनुक बिघडलेल्या माशांची) लक्षणं त्यांनी मॉर्फोलिनो टोचून हुबेहूब मिळवली. तुलनेला खरा म्युटंट हाताशी होता म्हणूनच त्या शोधनिबंधावर लोकांचा विश्वास बसला, हे ध्यानात ठेवा.

पेशींच्या कल्चरमध्ये एसआयआरएनए (ठरलेला एमआरएनए कापायला लावणारा दुहेरी धाग्याचा छोटा आरएनए) छान चालतं. इथे तेच का नाही वापरत?

2000 च्या आसपास अनेकांनी प्रयत्न केले. दुहेरी धाग्याचा आरएनए टोचला की भ्रूण बिघडतात, पण कोणतंही जनुक निवडलं तरी साधारण सारखेच बिघडतात. एमआयटीच्या परिसरातल्या बार्टेल यांच्या गटाने 2017 साली याचं एक मूळ कारण दाखवलं. माशांच्या या मोठ्या कुळाच्या पूर्वजातच आर्गोनॉट-2 या प्रथिनात बदल झाले, आणि त्यामुळे त्याची आरएनए कापण्याची क्षमता फार कमी झाली. म्हणजे ज्या यंत्रणेवर एसआयआरएनए अवलंबून असतं तीच इथे दुबळी आहे.

ट्रान्सलेशन थांबवणारा मॉर्फोलिनो घ्यावा की स्प्लायसिंग बिघडवणारा?

यावर थोडं थांबून विचार करा. हा निर्णय पुढचे कित्येक महिने ठरवतो. स्प्लायसिंग म्हणजे कच्च्या आरएनएतले इंट्रॉन नावाचे तुकडे काढून एक्सॉन नावाचे तुकडे जोडणं.

ट्रान्सलेशन थांबवणारा मॉर्फोलिनो एयूजी या सुरुवातीच्या कोडॉनवर किंवा त्याच्या अलीकडे, 5 प्राइम यूटीआरमध्ये (एमआरएनएच्या प्रथिनात न उतरणाऱ्या सुरुवातीच्या भागात) बसतो आणि रायबोसोमला पुढे सरकू देत नाही. त्याचा मोठा फायदा आईने अंड्यात भरून ठेवलेल्या एमआरएनएच्या बाबतीत दिसतो. झेब्राफिशचा भ्रूण पहिले सुमारे तीन तास जवळजवळ संपूर्णपणे आईच्या शिदोरीवर जगतो. त्याची स्वतःची जनुकं त्यानंतर जोमाने सुरू होतात. ट्रान्सलेशन थांबवणारा मॉर्फोलिनो आईचा आणि भ्रूणाचा, दोन्ही एमआरएनए अडवतो. आईने प्रथिनच तयार करून ठेवलं असेल, तर मात्र कोणताही मॉर्फोलिनो त्याला हात लावू शकत नाही.

अडचण येते ती तपासणीत. प्रथिन घटलं हे दाखवायला त्या प्रथिनाची अँटिबॉडी लागते, आणि झेब्राफिशच्या बहुतेक प्रथिनांसाठी चांगली अँटिबॉडी मिळत नाही. काही जण मॉर्फोलिनो जिथे बसतो तो तुकडा जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या क्रमाला जोडून त्याचा एमआरएनए सोबत टोचतात आणि हिरवा प्रकाश गेला की समाधान मानतात. त्यातून मॉर्फोलिनो त्या क्रमावर बसू शकतो एवढंच कळतं. भ्रूणाचं स्वतःचं प्रथिन किती कमी झालं ते कळत नाही.

स्प्लायसिंगचा मॉर्फोलिनो एक्सॉन आणि इंट्रॉनच्या सीमेवर बसतो. मधल्या एक्सॉनची सीमा अडवली तर बहुतेक वेळा तो एक्सॉन वगळला जातो. पहिल्या एक्सॉनची शेवटची सीमा अडवली तर पहिला इंट्रॉन आत राहण्याची शक्यता जास्त. कधी पेशी जवळचीच एखादी दडलेली सीमा वापरते आणि तुमच्या अंदाजात नसलेला तुकडा तयार होतो. इथे परिणाम आरटी-पीसीआरने (एमआरएनएच्या प्रती काढून त्यांची लांबी जेलवर पाहण्याच्या चाचणीने) थेट दिसतो, आणि म्हणूनच नवख्या माणसाने शक्य असेल तिथे यापासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. पट्टा सरकलेला दिसला की तो कापून सिक्वेन्स करा, नुसत्या लांबीवर विसंबू नका. वगळल्या जाणाऱ्या एक्सॉनच्या लांबीला 3 ने पूर्ण भाग जात नाही ना, हे आधीच पाहा. भाग जात असेल तर वाचनचौकट (तीन-तीन बेसच्या गटांत वाचण्याची जुळणी) टिकते आणि थोडं आखूड, पण काम करणारं प्रथिन बनू शकतं. जेलवर नेहमीचा पट्टा फिका झाला आणि नवा कुठेच दिसला नाही, तर बिघडलेला एमआरएनए पेशीनेच नष्ट केला असण्याची शक्यता असते. मग क्यूपीसीआर करा.

मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. आईकडून आलेल्या एमआरएनएचं स्प्लायसिंग अंड्यातच पूर्ण झालेलं असतं, त्यावर हा मॉर्फोलिनो निरुपयोगी. तुमच्या जनुकाचं काम पहिल्या काही तासांत असेल, तर स्प्लायसिंगचा मॉर्फोलिनो टोचून "काही दिसलं नाही" असं म्हणण्याला अर्थ नाही.

क्रम ठरवताना आणखी काय बघायचं?

दोन गोष्टी. पहिली म्हणजे जनुकाच्या दोन प्रती. या माशांच्या पूर्वजांमध्ये संपूर्ण जीनोम एकदा दुप्पट झाला, त्यामुळे माणसात एक असलेल्या जनुकाच्या इथे बऱ्याचदा दोन प्रती सापडतात. सॉक्स9ए आणि सॉक्स9बी हे नेहमीचं उदाहरण. एकच दाबली तर दुसरी काम निभावून नेऊ शकते.

दुसरी गोष्ट म्हणजे तुमच्या टाकीतले मासे. डेटाबेसमधला क्रम तुबिंगेन वाणाचा असतो. तुमच्याकडे एबी असतील, भारतातल्या रानटी माशांपासून आलेले डब्ल्यूआयके असतील किंवा मत्स्यालयाच्या दुकानातून आणलेले असतील. यूटीआर आणि इंट्रॉनमध्ये एकेका बेसचे फरक भरपूर असतात, आणि 25 पैकी चार-पाच बेस जुळले नाहीत तर मॉर्फोलिनोचा परिणाम जवळजवळ संपतो. ऑर्डर देण्याआधी आपल्याच माशांचा तेवढा तुकडा सिक्वेन्स करून घ्या. दुकानातल्या माशांची वंशावळ कुणालाच माहीत नसते, म्हणून अशा प्रयोगांसाठी ते मुळीच वापरू नयेत.

पावडर हातात आली. आता?

मॉर्फोलिनो सुकवलेल्या स्वरूपात येतो आणि खोलीच्या तापमानाला टिकतो, त्यामुळे कस्टम्समध्ये पार्सल अडकलं तरी घाबरू नका. 300 नॅनोमोलची बाटली असेल तर 300 मायक्रोलिटर निर्जंतुक पाणी घाला, 1 मिलिमोलरचं द्रावण तयार होईल. ते घट्ट बंद करून खोलीच्या तापमानालाच ठेवा. गोठवलं तर काही मॉर्फोलिनो साका होऊन तळाशी बसतात, आणि मग वरून घेतलेल्या थेंबात नेमकं किती आहे ते सांगता येत नाही. वापरण्यापूर्वी 65 अंशांना पाच-दहा मिनिटं तापवा. जुन्या बाटलीबद्दल शंका आली तर 0.1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात पातळ करून 265 नॅनोमीटरला वाचन घ्या.

थेंबाचं माप कसं घ्यायचं? माझ्या आणि माझ्या सीनियरच्या निकालात फरक येतो.

बहुतेक वेळा फरक इथेच असतो.

25 बेसच्या मॉर्फोलिनोचा रेणुभार साधारण 8,500 असतो. म्हणजे 1 मिलिमोलर द्रावणाच्या 1 नॅनोलिटरमध्ये सुमारे 8.5 नॅनोग्रॅम मॉर्फोलिनो येतो. द्रावण निम्म्याने पातळ केलं तर 4 नॅनोग्रॅमपेक्षा थोडा जास्त. इथपर्यंतचं गणित कुणीही करतं. चूक होते ती थेंबाच्या व्यासात. सुईतून मिनरल ऑइलमध्ये थेंब सोडायचा आणि मायक्रोमीटर पट्टीवर त्याचा व्यास मोजायचा. 125 मायक्रोमीटर व्यासाचा थेंब जवळपास 1 नॅनोलिटरचा असतो. तोच 157 मायक्रोमीटर झाला तर 2 नॅनोलिटर, आणि 100 मायक्रोमीटर झाला तर अर्धा. घनफळ व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतं, त्यामुळे नजरेला "थोडासाच मोठा" वाटणारा थेंब दुप्पट डोस देतो.

म्हणून सुई बदलली की माप पुन्हा. टोक तुटलं की पुन्हा. मध्येच टोक चोंदलं आणि दाब वाढवला, तरी पुन्हा. कंट्रोल आणि प्रयोगाचा मॉर्फोलिनो वेगवेगळ्या सुईने टोचले जातात, तेव्हा दोन्ही थेंब सारखे आहेत हे वहीत आकड्यासकट लिहिलेलं हवं. "अंदाजे 1 नॅनोलिटर" अशी नोंद वहीत असेल तर त्या दिवसाचे निकाल मी बाजूला ठेवेन.

कधी टोचायचं? पिवळ्या बलकात की पेशीत?

28.5 अंशांना फलनानंतर साधारण पाऊण तासाने दोन पेशी होतात आणि एका तासाने चार. त्या वेळेपर्यंत बलक आणि पेशी यांच्यात वाट मोकळी असते, म्हणून बलकात, पेशीच्या अगदी जवळ टोचलं तरी मॉर्फोलिनो वर पोचतो. एका पेशीच्या अवस्थेत टोचणं सर्वांत भरवशाचं. फिनॉल रेड घातलं की द्रावण कुठे गेलं ते दिसतं. सोबत एमआरएनए किंवा कॅस9 (क्रिस्पर तंत्रातलं डीएनए कापणारं प्रथिन) असेल तर मात्र पेशीतच टोचा.

आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीचं तापमान 30 च्या वर जातं आणि भ्रूण घड्याळाच्या पुढे धावतात, डिसेंबरात मागे पडतात. वय तासांवरून न ठरवता शरीराच्या खुणांवरून ठरवा. नाहीतर केवळ मागे पडलेला भ्रूण "मेंदू लहान असलेला" म्हणून नोंदला जातो.

डोस किती द्यावा?

शोधनिबंधात दिलेला डोस ही फक्त सुरुवात. 1, 2, 4 आणि 8 नॅनोग्रॅम असे चढते डोस देऊन बघा. डोस वाढेल तसं एकच ठराविक लक्षण जास्त भ्रूणांत आणि जास्त स्पष्ट दिसायला लागलं, तर ती चांगली खूण. डोस वाढवताना एकदम नवी, असंबद्ध लक्षणं उगवली तर ती विषबाधा समजा. जिथे लक्षण स्पष्ट आहे आणि भ्रूण इतर बाबतीत धडधाकट आहेत, असा सगळ्यात कमी डोस निवडा.

न टोचलेले भ्रूण त्याच जोडीच्या अंड्यांतून दर वेळी बाजूला ठेवा. त्यांच्यातच मोठ्या संख्येने मेले किंवा वाकडे निघाले तर त्या दिवशीची सगळीच अंडी टाकून द्या.

डोकं काळपट दिसतं, शेपूट वाकडी, हृदयाभोवती पाणी. हे माझ्या जनुकामुळे आहे का?

आधी "नाही" असंच धरून चाला. हीच लक्षणं कितीतरी असंबद्ध मॉर्फोलिनोंनी दिसतात. पहिल्या दिवशी डोक्यातल्या चेतापेशी मरतात आणि त्या भागाची पारदर्शकता जाते. एकर यांच्याच गटाने 2007 साली दाखवलं की यामागे बऱ्याचदा पी53 ही बिघडलेल्या पेशींना मरायला लावणारी यंत्रणा जागी झालेली असते, आणि तिचा लक्ष्य-जनुकाशी संबंध नसतो. म्हणून पी53 चा मॉर्फोलिनो सोबत टोचण्याची पद्धत पडली. त्याहून चांगला मार्ग म्हणजे पी53 चे म्युटंट मासे वापरणं.

पण इथे सावध राहा. पी53 दाबल्यावर पेशींचं मरण थांबलं, म्हणून उरलेलं सगळं आपोआप खरं ठरत नाही. आणि तुमच्या जनुकाचं खरं काम पेशी जिवंत ठेवणं हेच असेल, तर पी53 दाबून तुम्ही खरं लक्षणच पुसून टाकाल. शिवाय पी53 हा एकमेव रस्ता नाही. 2018 साली बेडकाच्या भ्रूणांत आणि 2019 साली झेब्राफिशमध्ये दिसलं की मॉर्फोलिनो जन्मजात प्रतिकारशक्तीची, इंटरफेरॉनशी निगडित जनुकंही चेतवू शकतो. संपूर्ण आरएनए सिक्वेन्सिंग करून "माझ्या जनुकाच्या अभावी ही जनुकं वाढली" अशी यादी काढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायलाच हवं.

कोणते कंट्रोल पुरेसे आहेत?

बाजारात मिळणारा ठरलेला कंट्रोल मॉर्फोलिनो माणसाच्या बीटा-ग्लोबिन जनुकातल्या थॅलेसेमियाच्या एका बदलावर बेतलेला आहे. झेब्राफिशमध्ये त्याला लक्ष्य नाही. तो टोचल्यावर भ्रूण नीट राहिले, तर तुमचा हात आणि सुई ठीक आहेत एवढंच सिद्ध होतं. पाच बेस चुकवलेला कंट्रोलही तसाच, कारण तुमच्या मॉर्फोलिनोचं चुकीचं लक्ष्य कोणतं ते तो सांगू शकत नाही.

जास्त वजन असतं ते एकमेकांवर न येणाऱ्या दोन वेगळ्या मॉर्फोलिनोंनी सारखंच लक्षण देण्याला. दोन्ही इतक्या कमी डोसमध्ये द्या की एकेकट्याने काहीच होत नाही, आणि एकत्र दिल्यावर लक्षण दिसू द्या. हा पुरावा चांगला समजला जातो.

सर्वांत भक्कम कसोटी मात्र म्युटंटची. ज्या भ्रूणात ते जनुक आधीच पूर्ण निकामी आहे, त्यात मॉर्फोलिनो टोचा. मॉर्फोलिनो खरोखर त्याच जनुकावर काम करत असेल तर त्या भ्रूणात काही भर पडता कामा नये, कारण अडवायला तिथे काही उरलेलंच नाही. भर पडली तर ती दुसरीकडून आलेली आहे. ही कसोटी मला फार आवडते. तिच्या उत्तरात पळवाट राहत नाही. मात्र म्युटंटमध्ये मॉर्फोलिनोची जागा तशीच असते, आणि म्युटंट एमआरएनएतून अर्धवट प्रथिन बनत असेल तर ते अडवलं जाऊ शकतं. म्युटंट कसा बनवला आहे हे आधी बघा.

एमआरएनए देऊन लक्षण परत फिरवलं, म्हणजे रेस्क्यू झाला. आता तरी सिद्ध झालं ना?

रेस्क्यूसाठी दिलेल्या एमआरएनएवर मॉर्फोलिनो बसता कामा नये, हे पहिलं. त्यासाठी यूटीआर काढून टाकतात किंवा प्रथिन न बदलता कोडॉन बदलतात. दुसरं, टोचलेला एमआरएनए सगळ्या पेशींत, सुरुवातीपासून असतो, आणि तुमचं जनुक कदाचित फक्त हृदयात, तेही 30 व्या तासाला सुरू होत असेल. तोवर टोचलेला एमआरएनए संपलेलाही असू शकतो. म्हणून उशिराच्या लक्षणांत रेस्क्यू झाला नाही यावरून फारसं काही ठरत नाही. आणि झाला, तर किती भ्रूणांत, किती प्रमाणात, आणि भ्रूणांची ओळख झाकून मोजलं का, हे सांगावंच लागतं.

मॉर्फोलिनोने मोठा परिणाम दिसतो, पण क्रिस्परने बनवलेल्या म्युटंटमध्ये काहीच नाही. कोणाचं खरं मानायचं?

गेल्या दशकातला झेब्राफिशच्या क्षेत्रातला हा सर्वांत मोठा वाद, आणि त्यातून निघालेलं शास्त्र माझ्या मते मूळ प्रश्नाहून मोलाचं आहे.

2015 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या लॉसन यांच्या गटाने वीसहून जास्त जनुकांचे म्युटंट तयार केले. त्यातल्या दहा जनुकांच्या बाबतीत मॉर्फोलिनोने छापून आलेली लक्षणं म्युटंटमध्ये मिळाली नाहीत. ब्रिटनमधल्या सँगर संस्थेच्या म्युटंट संग्रहाशी ताडून पाहिलं, तर मॉर्फोलिनोने दिसलेल्या लक्षणांपैकी सुमारे 80 टक्के म्युटंटमध्ये नव्हती. अनेक लॅबमध्ये यानंतर मॉर्फोलिनो हा शब्दच नकोसा झाला.

त्याच वर्षी जर्मनीतल्या बाड नाउहाइमच्या माक्स प्लांक संस्थेत स्टेनियर यांच्या गटाने ईजीएफएल7 या जनुकाच्या उदाहरणाने या वादाची दुसरी बाजू दाखवली. मॉर्फोलिनोने रक्तवाहिन्या बिघडत होत्या, म्युटंटमध्ये बहुतेक ठीक होत्या. म्युटंटमध्ये त्यांनी तोच मॉर्फोलिनो टोचला, तर त्या भ्रूणांवर परिणाम फार कमी झाला. म्हणजे मॉर्फोलिनोचा परिणाम बहुतांशी खरा होता. मग म्युटंट धडधाकट कसे? त्यांच्यात एमिलिन कुळातली जनुकं वाढलेली सापडली, आणि ती ईजीएफएल7 ची उणीव भरून काढत होती. मॉर्फोलिनो दिलेल्या भ्रूणांत ती वाढलेली नव्हती.

हे कसं घडतं त्याचा उलगडा 2019 साली नेचरमधल्या दोन शोधनिबंधांनी केला, एक स्टेनियर यांच्या गटाचा आणि दुसरा चीनमधला. म्युटंटमध्ये अकाली थांबा-कोडॉन आला की पेशी तो सदोष एमआरएनए नष्ट करते, आणि त्या मोडतोडीतूनच सारख्या क्रमाच्या इतर जनुकांना जोर मिळतो. मॉर्फोलिनो एमआरएनए मोडत नाही, फक्त अडवतो. म्हणून त्याच्याबाबत ही भरपाई सुरू होत नाही.

तेव्हा "म्युटंटमध्ये दिसत नाही" याची निदान चार कारणं असू शकतात: मॉर्फोलिनोचा परिणाम खोटा आहे, म्युटंटमध्ये भरपाई झाली आहे, आईचा एमआरएनए म्युटंटला सांभाळून घेतो आहे, किंवा म्युटंट खरा निकामी नाही, पेशी तो एक्सॉन वगळून प्रथिन बनवते आहे. आपल्याला आवडणारं कारण निवडून चालत नाही. भरपाई झाली असं म्हणायचं तर कोणत्या जनुकाने केली ते दाखवा. आईच्या एमआरएनएवर बोट ठेवायचं तर म्युटंट मादीची अंडी तपासा. म्युटंटवर शंका असेल तर त्याचा एमआरएनए सिक्वेन्स करा. प्रमोटर (जनुक सुरू करणारा डीएनएचा भाग) आणि सुरुवातीचा एक्सॉन असा संपूर्ण भाग उडवून आरएनएच न बनणारा म्युटंट तयार केला, तर मोडतोडीतून होणारी भरपाई टळते. 2017 साली या क्षेत्रातल्या बऱ्याच ज्येष्ठ संशोधकांनी मिळून मॉर्फोलिनो वापरण्याचे नियम प्लॉस जेनेटिक्समध्ये लिहिले. प्रयोग आखण्याआधी ते वाचा, आखल्यानंतर नव्हे.

मग सरळ क्रिस्पंटच का करू नये?

क्रिस्पंट म्हणजे क्रिस्परचे घटक टोचून त्याच पिढीत जनुक निकामी केलेला भ्रूण. करा, बऱ्याच प्रश्नांसाठी तेच योग्य आहे. 2021 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या गटाने दाखवलं की एका जनुकावर तीन गाइड आरएनए (कुठे कापायचं ते दाखवणारे रेणू) कॅस9 प्रथिनासोबत दिले, तर टोचलेल्या भ्रूणांपैकी 90 टक्क्यांहून जास्त भ्रूणांत त्याच पिढीत जनुक निकामी होतं. पिढी वाढवायचे तीन-चार महिने वाचतात. मात्र प्रत्येक भ्रूणात, आणि एकाच भ्रूणाच्या वेगवेगळ्या पेशींत, निरनिराळे बदल असतात. आईच्या एमआरएनएवर याचाही इलाज चालत नाही.

कॅस13 बद्दल ऐकलं. ते मॉर्फोलिनोची जागा घेईल का?

2020 साली आरएफएक्स-कॅस13डी हे आरएनए कापणारं प्रथिन वापरून झेब्राफिशच्या भ्रूणात एमआरएनए कापून दाखवला गेला, आईने ठेवलेला एमआरएनएसुद्धा. गाइड आरएनए लॅबमध्येच बनवता येतो, त्यामुळे प्रत्येक जनुकासाठी महागडा रेणू मागवावा लागत नाही. आपल्याकडच्या अनुदानांचा विचार केला तर हा फायदा लहान नाही. एमआरएनए भरपूर असेल तर आजूबाजूचे इतर आरएनएही कापले जाण्याची शक्यता असते, तेव्हा एकूण आरएनए शाबूत आहे ना हे तपासा.

मॉर्फोलिनोचा परिणाम किती दिवस टिकतो? मोठ्या माशात चालतो का?

साधारण तीन दिवस खात्रीने, पाचव्या दिवसापर्यंत तो ओसरत जातो. पेशी वाढतात आणि जनुकातून नवा एमआरएनए येत राहतो. त्यानंतरच्या लक्षणांसाठी म्युटंट हवा. मोठ्या माशाच्या परात मॉर्फोलिनो टोचून विजेच्या झटक्याने तो पेशींत शिरवतात, पराच्या पुनर्निर्मितीच्या अभ्यासात हे केलं जातं.

सरावासाठी कोणतं जनुक घ्यावं?

नो टेल. शेपूट आणि पृष्ठरज्जू तयार होत नाहीत, एका दिवसात निकाल दिसतो आणि म्युटंटची छायाचित्रं तुलनेला सहज मिळतात. रंगद्रव्याची जनुकंही चांगली, दुसऱ्या दिवशी डोळ्यांचा रंग पाहिला की झालं. सलग काही बॅचमध्ये जवळपास सगळे भ्रूण सारखे दिसायला लागेपर्यंत स्वतःच्या जनुकाचा मॉर्फोलिनो उघडू नका.

परवानगी लागते का?

मोठे मासे पाळणं आणि त्यांच्यापासून अंडी घेणं यासाठी संस्थेच्या प्राणी-नीतिमत्ता समितीकडे जावं लागतं. युरोपीय नियमांत अळी स्वतः खाऊ लागली की तिला संरक्षण मिळतं, झेब्राफिशसाठी हे साधारण पाचव्या दिवसानंतरचं वय धरतात. कायद्याने विचारलं नाही तरी प्रयोग संपल्यावर भ्रूणांना वेदनारहित मरण देण्याची पद्धत आधीच लिहून ठेवा.

या रेणूंचा औषध म्हणून उपयोग होतो का?

होतो. डुशेन स्नायुक्षयाच्या काही रुग्णांसाठी 2016 साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं एटेप्लिर्सन हा मॉर्फोलिनोच आहे. डिस्ट्रोफिनचा 51 वा एक्सॉन तो वगळायला लावतो, म्हणजे वाचनचौकट पुन्हा जुळते आणि आखूड पण थोडंफार काम करणारं प्रथिन बनतं. आपण भ्रूणात जे टाळायला बघतो तेच इथे हवं असतं. त्याचा रुग्णांना प्रत्यक्षात किती लाभ होतो यावर मान्यतेच्या वेळीच मोठी चर्चा झाली होती.

शोधनिबंधात काय काय द्यावं?

मॉर्फोलिनोचा पूर्ण क्रम, नॅनोग्रॅममध्ये डोस, थेंबाचं घनफळ, माशांचं वाण, टोचण्याची अवस्था, प्रत्येक गटातल्या भ्रूणांची संख्या आणि ती किती वेगवेगळ्या जोड्यांच्या अंड्यांतून आली ते. किती भ्रूण मेले तेही. फक्त सर्वांत ठसठशीत भ्रूणाचं छायाचित्र देऊ नका, सौम्य आणि मध्यम लक्षणांचे भ्रूणही दाखवा. आरटी-पीसीआरचं जेल पूर्ण द्या, कडा कापून नको. क्रम झेडफिन या झेब्राफिशच्या डेटाबेसमध्ये आधीच नोंदलेला असेल तर तिथलंच नाव वापरा, म्हणजे पुढच्याला तो शोधता येईल. आणि एखाद्या मॉर्फोलिनोने म्युटंटची कसोटी पार केली नसेल तर तेही छापा, दुसऱ्या कुठल्यातरी लॅबमधल्या विद्यार्थ्याचं वर्ष त्याने वाचतं.